बंदुकीचं कपाट, नऊ महिने आणि ते चार फुकटचे बोल्ट

कीपॅडवर नंबर दाबला की बीप होतो, हिरवा दिवाही लागतो, पण आतून ‘खट्’ येत नाही आणि मूठ फिरत नाही. बाराबोर बंदुकीचं हे कपाट भर जुलैत असं अडून बसलं. सर्व्हिसवाल्यांनी फोनवरच निदान केलं: बोर्ड गेला, बदलावा लागेल, व्हिजिटचे पैसे वेगळे आणि दमटपणाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. गोव्यात कपाट विकायचं आणि दमटपणा वॉरंटीत नाही म्हणायचं, धन्य आहे.

बोर्ड शाबूत होता. सोबत आलेले चार पेन्सिल सेल साधे, कार्बनवाले. त्यातले दोन पाझरले होते आणि स्प्रिंगवर हिरवट पांढरा थर चढला होता. बीपला आणि दिव्याला करंट थोडका लागतो, सोलेनॉइडला, म्हणजे कुलुपाची पिन ओढणाऱ्या विजेच्या चुंबकाला, एकदम जास्त. तिथे व्होल्टेज घसरतं आणि पिन मागे येत नाही. दार इमर्जन्सी चावीने उघडायचं, स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने घासायच्या, अल्कलाइन सेल घालायचे. दहा मिनिटांचं काम. सेल मे महिन्यातच बदला, मिणमिणेपर्यंत थांबू नका. आणि ती चावी देव्हाऱ्यात, तांदळाच्या डब्यात किंवा साड्यांच्या घडीत नको, या जागा चोराला तोंडपाठ असतात. फॅक्टरी कोड पहिल्या दिवशीच बदला.

आता खरी तक्रार. सोबत दिलेले चार १० एमएमचे रॉल बोल्ट. काँक्रीटमध्ये ते उत्तम. नट आवळला की बाहेरची नळी फुगते आणि भोकाला घट्ट धरते. पण सत्तरी, डिचोली, पेडण्यातल्या किती घरांच्या भिंती काँक्रीटच्या आहेत? चिरा हा भोकाभोकांचा दगड, मधूनमधून मऊ मातीचे खिसे. पाना फिरवला की नळी फुगते ती चिऱ्याचा भुगा करूनच. मग नट फिरतच राहतो, आवळत काही नाही. वर गिलावा असल्यामुळे दिसायला सगळं पक्कं दिसतं. मागे पहार घालून रेटलं की लाल भुगा सांडत चारही बोल्ट बाहेर. रिकामं कपाट साधारण तीस किलोचं, दोघेजण आरामात उचलून रिक्षात घालतील आणि मग कीपॅड कितीही हुशार असो.

चिऱ्याला उपाय एकच खात्रीचा: आरपार बोल्ट. दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडा, पश्चिमेची पावसाच्या माऱ्यातली नको. १२ एमएमची थ्रेड रॉड, १४ एमएमचं लांब बिट, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवायचं, नाहीतर चिऱ्याचा पलीकडचा तुकडाच उडतो. पलीकडून प्रत्येक रॉडला १०० बाय १०० एमएमची ६ एमएम जाड लोखंडी पट्टी, मग नट आणि चेकनट. कपाटाच्या मागे वॉशर घालून १० एमएम फट सोडा, पाठीला हवा मिळते. केमिकल अँकर, म्हणजे भोकात रेझिन भरून चिकटवलेला बोल्ट, चालतो, पण जाळीच्या नळीसकट, भोकातला भुगा पंपाने फुंकून काढल्यावर आणि चिरा कोरडा असताना. म्हणजे एप्रिल-मेमध्ये. ओल्या चिऱ्यात रेझिन नीट धरत नाही. जमिनीत बोल्ट मारायचा असेल तर खाली स्लॅब आहे याची खात्री करा. जुन्या घरांत लादीखाली नुसती माती असते. पट्ट्या आणि रॉड लोहाराकडून करून घेतल्या तर खर्च फुटकळ येतो. त्या पेटीत कंपनीला घालता येत नाहीत, स्टिकर मात्र तीन.

मे महिन्यात या कपाटाला पाचपैकी साडेचार गुण दिले असते, जुलैत दोन. आता, नऊ महिन्यांनी, साडेतीनवर आलोय, आणि वर नेलं ते कुलुपाने नाही, वायरच्या भोकाने. मागे खाली रबराची टोपी असलेलं भोक आहे, सुरुवातीला निरर्थक वाटलं होतं. अर्धा किलो सिलिका जेल चार दिवसांत निळ्याचं गुलाबी होतं; कपाट हवाबंद नसल्यामुळे ते अख्ख्या खोलीचीच ओल पीत बसतं. त्या भोकातून १२ वॅटचा हीटिंग रॉड तळाशी बसवला. खोलीत आर्द्रता ८८ टक्के, कपाटात ६६. हवेतलं पाणी तेवढंच, आत चार-पाच अंश जास्त गरम म्हणून टक्का उतरतो. चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला नऊ युनिटच्या आत. लायट गेली तरी लगेच काही बिघडत नाही, दोन दिवस गेली तर तेलाचा कपडा फिरवा. आतला फोम मात्र काढून टाका, तो ओल धरतो आणि लोखंड जिथे टेकतं तिथेच गंजाची रेघ उमटते. कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या कवरमध्ये घालून तर बंदूक ठेवूच नका.

दुनळी असेल तर उंच कपाटाचे पैसे वाचवा. नळी, पुढचा लाकडी भाग आणि दस्ता असे तीन भाग सुटतात. ३० इंची नळी मावेल एवढी उंची पुरते. पावसाळ्यात नळीचं तोंड खाली, नाहीतर तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. काडतुसं वेगळ्या कुलपाच्या डब्यात, वेगळ्या खोलीत. चवथीला पोरांनी घर भरतं तेव्हा हाच नियम कामाला येतो.

कपाट हा शेवटचा थर, त्याआधीचे स्वस्तात होतात. कौलारू घरात पुढच्या दाराला तीन कुलपं आणि वर चार कौलं सरकवली की माणूस आत. छताखाली वेल्डेड जाळी आधी. मागच्या दाराला आडवा अडसर. कॅमेऱ्याच्या आयआर (अंधारात बघायच्या इन्फ्रारेड) दिव्यावर कोळी जाळं विणतो आणि रात्री पडदा पांढराफटक होतो, महिन्याला एकदा झाडू फिरवा. हालचाल टिपणारा अलार्मचा सेन्सर पालीने वाजतो, तो दिव्यापासून लांब लावा, पाली किड्यांसाठी दिव्याशीच जमतात. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, टीव्हीखाली ठेवू नका, चोर टीव्हीबरोबर तोही नेतो.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस स्टेशनात जमा असते तेव्हाही हीटिंग रॉड बंद करू नका. बंद कपाटात ओल साठते. बंदूक परत आली की एक रात्र बाहेर, कुलूपबंद खोलीत सुकवा, नळीतून कोरडं आणि मग तेलाचं फडकं काढा, आणि तेव्हाच आत ठेवा.