निकोबारी दालन आणि अर्धवट मार्गदर्शन

सेल्युलर जेल पाहून झाल्यावर आम्ही पोर्ट ब्लेअरमधील एका संग्रहालयाची तासाभराची मार्गदर्शित फेरी घेतली. निकोबार बेटांवरील निकोबारी आदिवासींचे दालन खरोखर पाहण्याजोगे आहे; दुष्ट आत्म्यांना घराबाहेर ठेवण्यासाठी कोरलेल्या ‘हेन्टाकोई’ या लाकडी आकृतींचे विस्फारलेले डोळे काचेआडूनही रोखून पाहतात. मात्र ‘पुढे हे लोक ख्रिस्ती झाले’ एवढ्या एका वाक्यात मार्गदर्शकाने सारा इतिहास गुंडाळला, हे खटकले. 1768 पासून नानकौरी बेटावर आलेले मोरावियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनरी तापाने खचले आणि धर्मप्रसार न साधताच परतले, तर कार निकोबार बेटावर तो धर्म रुजला तो मूस गावातील शाळेतून व पुढे जॉन रिचर्डसन यांच्यासारख्या निकोबारी माणसाच्या तोंडून, स्वभाषेत. बायबलच्या नव्या कराराचा निकोबारीत अनुवाद करणारे हे बिशप 1952 मध्ये लोकसभेचे नामनिर्देशित सदस्यही झाले, याचा फलकावर उल्लेखही नाही. डुकरांच्या मेजवानीचे जुने उत्सव चर्चसोबत आजही टिकून आहेत, हे मलाच सहप्रवाशांना सांगावे लागले. फलक मराठीत नाहीत, पण ती अपेक्षा अर्थात जास्तच. दालनासाठी चार तारे, मार्गदर्शनासाठी दोन.