ज्याचं डोकं, त्याला आधी विचारणारं सलून

दोन वर्षं आमच्या चिरंजीवांचे केस मी घरीच कापले. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल, गळ्यात जुना टॉवेल आणि माझ्या हातात हौसेनं आणलेली कैची. हे आमच्यावर ओढवलं ते एका चकचकीत, खास मुलांच्या म्हणवणाऱ्या सलूनमुळे. तिथे मोटारीच्या आकाराची खुर्ची होती, समोर कार्टून चालू होतं, आणि कापणाऱ्याचंही अर्धं लक्ष त्या कार्टूनमध्येच. कैची कानाच्या पाळीला लागली. रक्त थेंबभरच आलं, पण पाच वर्षांच्या पोराला तेवढं पुरलं. पुढे मशीनची घरघर लांबून ऐकू आली तरी तो दोन्ही कान झाकून उभा राहायचा.

माझी कारागिरी काय वर्णावी! पहिल्यांदा केस चिंब भिजवून नीट भुवयांच्या रेषेत कापले. वाळल्यावर बघतो तर अर्धं कपाळ उघडं. ओला केस ताणला की लांब होतो आणि वाळला की आखडतो, हे तेव्हा कळलं. दुसऱ्यांदा भोवऱ्यावरचे केस बाकीच्यांइतकेच आखूड केले, तर ते अँटेनासारखे उभे राहिले, नेमके शाळेच्या फोटोच्या आठवड्यात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, या एका माहितीच्या आधारावर मी घरातल्यांची बोलणी खात दिवस काढले.

सलून सापडलं ते लिफ्टमध्ये. शेजारच्या मजल्यावरचा मुलगा पुढे उभा होता आणि माझी नजर त्याच्या मानेवर गेली. मानेवरची रेघ सरळ, कानामागे ओरखडा नाही, आणि भोवऱ्यावरचे केस जरा लांब ठेवून ज्या बाजूला वळतात त्याच बाजूला बसवलेले. म्हटलं, हे काम माणसाचं आहे. त्याच्या आईला विचारलं, तर घरापासून चार मिनिटांवरचं दुकान निघालं. मी रोज त्याच्यासमोरून जात होतो. तीन खुर्च्या, भिंतभर आरसा, बाहेर फिकट पडलेली पाटी. आत डोकावावंसं वाटेल असं दर्शनी भागात काहीच नाही.

पोराला न्यायच्या आधी मी एकटाच दाढी करायला गेलो. हेरगिरीच म्हणा. सलूनवाले काका साठीच्या आसपासचे, बोलणं कमी. वस्तऱ्यात आधीचं पातं होतं, ते काढून त्यांनी डब्यात टाकलं आणि नवं पातं माझ्यासमोर पाकिटातून काढून, मोडून, अर्धं वस्तऱ्यात बसवलं. मी न सांगता. हे मी फार महत्त्वाचं मानतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस तग धरू शकतो, त्यामुळे 'पुसून घेतलंय साहेब' या उत्तरावर माझा विश्वास नाही. कंगवे निळ्या पाण्याच्या बरणीत होते. तशी बरणी बऱ्याच दुकानांत शोभेला असते, कंगवा बुडवला की लगेच काढला. अशा जंतुनाशकाला साधारण दहा मिनिटं तरी द्यावी लागतात. काकांकडे कंगव्यांचे दोन संच होते, एक बरणीत भिजत आणि दुसरा वापरात. मुलाला घेऊन जाणाऱ्याने हे जरूर बघावं, कारण डोक्यातला नायटा हा मुख्यतः मुलांचाच आजार आणि तो कंगव्यातून, मशीनमधून आरामात पसरतो.

तुरटीचा मात्र एकच खडा सगळ्यांच्या गालांवरून फिरत होता. मी 'माझ्याला नको' म्हटलं. काका क्षणभर थांबले, खडा बाजूला ठेवला, काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला तिथे तुरटीची पूड आणि कापूस दिसला.

मग एका मंगळवारी दुपारी चिरंजीवांना नेलं. मुद्दाम दुपार निवडली, म्हणजे मागे रांग नको. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं, 'बाजूने बारीक, वर थोडे...' काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. खुर्चीसमोर वाकून त्याला विचारलं, 'तुला कसे पाहिजेत?' त्याला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, 'मशीन नको.' 'नको तर नको,' काका म्हणाले. पहिल्या दिवशी सगळं काम कैची-कंगव्याने केलं, जवळजवळ चाळीस मिनिटं. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून त्याला वर बसवलं होतं. त्याने मान हलवली की कैची हवेत थांबायची. 'हलू नकोस' हे शब्द मी एकदाही ऐकले नाहीत.

दुसऱ्या वेळी काकांनी बंद मशीन त्याच्या हातात दिलं. मग चालू करून आपल्या मनगटावर टेकवलं, मग माझ्या, मग त्याच्या. लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर हेच करतात : आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. काकांना हे कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. मशीन कवटीला टेकलं की आवाज हाडातूनही आत जातो, म्हणून बाहेर बसलेल्या बापाला किरकोळ वाटणारी घरघर पोराला डोक्यात भुंगा शिरल्यासारखी वाटते. काकांनी त्याला सांगितलं, 'तू पण भुंगा हो.' मग दोघं मिळून गुणगुणत होते आणि मानेवरचं काम झालंसुद्धा. मध्ये एकदा मशीन थांबवून त्यांनी पात्याला बोट लावलं आणि तेलाचे दोन थेंब सोडले. बराच वेळ चाललेलं पातं घर्षणाने तापतं आणि कोवळ्या मानेला चटका बसतो. हे बघणारा कारागीर मला तरी आधी भेटला नव्हता.

माझ्या केसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण केसच फार नाहीत. पण इथे नंबराची भाषा चालते, ते बरं. मशीनला लावायच्या फणीचा एकेक नंबर म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. म्हणजे दोन नंबर सहा मिलिमीटरचा आणि चार नंबर तेराच्या आसपास. 'मीडियम' म्हणून डोळे मिटायचे आणि उघडल्यावर आरशात अनोळखी माणूस बघायचा, हा प्रकार त्यामुळे संपला. शेजारच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांनी मला चकोट करायचा सल्ला दिला, म्हणे दाट येतात. हजामतीने केस दाट होत नाहीत, हे शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढीच्या केसांवर 1928 साली मोजून दाखवलं आहे. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. मी हे ऐकवल्यावर गृहस्थ म्हणाले, 'करून तर बघा.'

आता तक्रारी. टीव्ही फार मोठ्याने लागलेला असतो आणि रिमोट कुणाकडे असतो ते आजवर कळलेलं नाही. गळ्याचं कापड लहान मुलाला सैल पडतं, बारीक केस पाठीत जातात आणि घरी येईपर्यंत पोरगं माकडासारखं खाजवतं. बदलायला शर्ट सोबत न्या. पावडरला इतका उग्र वास आहे की मी नको सांगतो. रविवारी जाऊच नका, आम्ही एकदा दीड तास बसलो. आणि तिसऱ्या खुर्चीवरचा तरुण हात घाईचा आहे. मोठ्यांना चालेल, पण मूल सोबत असेल तर 'काकांकडेच थांबतो' असं स्पष्ट सांगा. तो रागावत नाही. आरशात बघून फक्त खांदे उडवतो.

परवा आम्ही पाचव्यांदा गेलो. फळी आता लागत नाही, उंची पुरते. आधी माझा नंबर होता. काकांनी मला कापड बांधलं आणि बाकावर बसलेल्या त्याला विचारलं, 'बाबांचे कसे करायचे?' तो म्हणाला, 'झीरो.' काकांनी गंभीरपणे मान हलवली, मशीन चालू केलं, आणि आरशात मला दिसेल अशा बेताने तीन नंबरची फणी चढवली.