आमची 'चिमणी': अ‍ॅल्युमिनियमच्या ड्राय स्क्रबरचा रिव्ह्यू, १४ वर्षं वापरून

मागच्या महिन्यात वहिनींचा फोन आला, भावजी तुमच्याकडं एवढी मोठी चिमणी चालवता म्हणे, मग किचनला कुठली घेऊ सांगा की. मी म्हटलं वहिनी आमच्या चिमणीचा आणि तुमच्या फोडणीचा काय संबंध नाही ओ. पण फोन ठेवल्यावर वाटलं, लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, गादीचा लिहितात, आपण जे मशीन, म्हणजे कारखान्यातला धूर साफ करणारा ड्राय स्क्रबर, १४ वर्षं रोज हाताळतोय त्याबद्दल मराठीत कुणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत. म्हणून हा घ्या.

मी राधानगरीकडचा. आमच्याकडच्या दुर्गमानवाडीच्या खाणीतनं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जायचा, लहानपणी लाल धुळीचे ट्रक बघितलेत, पण त्या लाल मातीचं पुढं काय होतं हे कळायला आखातात नोकरीला यावं लागलं. मी स्मेल्टरमध्ये आहे, म्हणजे जिथं अ‍ॅल्युमिनाच्या पांढऱ्या पावडरीतनं (बॉक्साइटपासनं बनते ती) धातू काढतात. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं थोडं वाईट पण लिहिणार आहे.

आधी पॉट, म्हणजे ज्या भट्टीत हा धातू बनतो, ती काय ते, नाहीतर चिमणी कशाला लागते तेच कळणार नाही. अ‍ॅल्युमिना नुसता वितळवायचा तर २००० डिग्रीच्या वर जावं लागतं. १८८६ साली अमेरिकेत ओबर्लिनच्या चार्ल्स हॉलनं आणि फ्रान्समध्ये पॉल एरूनं, एकमेकांना न ओळखता, एकाच वर्षी शोधून काढलं की वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये, म्हणजे एका फ्लोराइड खनिजात, अ‍ॅल्युमिना विरघळतो आणि मग वीज सोडली की खाली धातू जमतो. दोघं जन्मले १८६३ ला आणि गेले पण १९१४ ला, दोघंही. असला योगायोग सिरियलमध्ये दाखवला तर लोक हसतील. हॉलनं हे घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये केलं, बहीण ज्युलिया मदतीला. वास केवढा मारला असेल याचा विचार मी बऱ्याचदा करतो, कारण त्या शेडला आमची चिमणी नव्हती.

आजचा पॉट तत्त्वानं तोच आहे. ९६० डिग्रीच्या आसपास बाथ, म्हणजे तोच वितळलेला क्रायोलाइट, वर वीज सोडणारे कोळशाचे अ‍ॅनोड, चार-साडेचार व्होल्ट फक्त, पण करंट तीन-चार लाख अ‍ॅम्पियर. किलोमागं १३-१४ युनिट वीज. मॅग्नेटिक फील्ड एवढं की खिशातलं एटीएम कार्ड पहिल्याच आठवड्यात मेलं माझं, आणि पेसमेकरवाल्याला आत सोडतच नाहीत. असा एक पॉट दिवसाला साधारण ३ टन धातू देतो आणि लाइनीत असे शेकडो पॉट ओळीनं उभे.

आता धूर. अ‍ॅनोडचा कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो, धातूच्या टनामागं दीड टनाच्या आसपास. पण नाकाला लागतो तो दुसरा, हायड्रोजन फ्लोराइड, म्हणजे एचएफ. बाथमध्ये फ्लोराइड आहे, हवेत आणि अ‍ॅल्युमिनात ओलावा आहे, दोघं भेटले की एचएफ. त्याच्याबरोबर फ्लोराइडची बारीक धूळ पण उडते. एक टन धातूमागं २० ते ३० किलो फ्लोराइड पॉटमधनं वर येतं. ३०० पॉटची लाइन धरा आणि गुणाकार करा, दिवसाला २० टन सहज. हे बाहेर सोडलं तर आसपासचं गवत खाऊन गुरांचे दात आणि हाडं खराब होतात, स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात जर्दाळूच्या बागांवरनं शेतकरी आणि कारखाने वर्षानुवर्षं भांडत होते ते याच्यापायी. आणि आत काम करणाऱ्याला पॉटरूम अस्थमा, नॉर्वेत १९३६ सालीच याची नोंद झाली होती. त्यामुळं चिमणी हवी का नको हा प्रश्नच नाही, कुठली आणि कशी चालवायची एवढाच.

जुन्या काळी वेट स्क्रबर. धुरावर पाण्याचा फवारा मारायचा, एचएफ पाण्यात जातो, मग ते ॲसिडचं पाणी, त्यात चुना, मग चिखल, मग तो चिखल कुठं टाकायचा ही बोंब. पाइप गंजणार ते वेगळंच. माझे पहिले फोरमन म्हणायचे, हवेतली घाण पाण्यात ढकलली आणि पाण्यातली जमिनीत, संपलं काय? नाही संपलं.

मग आला ड्राय स्क्रबर, आणि इथं मी खरंच टोपी काढतो. १९६० च्या दशकात अल्कोआ या अमेरिकन कंपनीनं यावर काम केलं आणि ७० च्या दशकात ते पसरत गेलं. आयडिया एवढी साधी की आधी का नाही सुचली असं वाटावं. एचएफला पकडायला विकतचं केमिकल कशाला, जी पावडर तुम्ही पॉटमध्ये टाकणारच आहात तोच अ‍ॅल्युमिना आधी धुरात सोडा. स्मेल्टरच्या अ‍ॅल्युमिनाच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ ७०-८० चौरस मीटर, म्हणजे चिमूटभर पावडरीत एक टू बीएचके. एचएफ त्याला एक-दोन सेकंदात चिकटतो. मग तो धूर कापडी पिशव्यांच्या फिल्टरमधनं जातो, पावडर अडकते, स्वच्छ हवा स्टॅकमधनं, म्हणजे उंच धुराड्यातनं, बाहेर. पिशव्यांना कॉम्प्रेस्ड एअरचा झटका दिला की पावडर खाली हॉपरमध्ये पडते, थोडी परत धुरात, बाकीची सायलोत आणि तिथनं पॉटमध्ये. फ्लोराइड गेलं कुठं? जिथनं आलं तिथंच. वेगळा कचरा नाही, चिखल नाही, आणि अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइड जे बाथसाठी महागाचं विकत घ्यावं लागतं ते टनामागं १५-२० किलोवर भागतं, नाहीतर याच्या दुप्पट लागलं असतं. प्रदूषण नियंत्रणाचं यंत्र स्वतःचा खर्च भागवतं असं मी दुसरं बघितलेलं नाही. एचएफसाठी पकड ९९ टक्क्यांच्या वर, आणि हा ब्रोशरमधला आकडा नाही, रोज स्टॅकवरचा लेसर अॅनालायझर बघतो मी.

एवढं कौतुक झालं, आता तक्रारी.

पहिली, उन्हाळा. पॉलिस्टरच्या पिशव्यांना १३० डिग्रीच्या आसपास लिमिट आहे. जुलै-ऑगस्टला बाहेर ४६-४७, आर्द्रता पण तेवढीच, धूर आधीच तापून येतो. गरम झालं की अ‍ॅल्युमिनाची पकड पण कमी होते आणि ओलाव्यानं एचएफ पण जास्त बनतो, म्हणजे ज्या महिन्यात काम जास्त त्याच महिन्यात मशीन दमलेलं. बाहेरची हवा मिसळून गार करायची तर फॅनवर लोड येतो. आमची उन्हाळ्याची शिफ्ट म्हणजे डॅम्पर, फॅन आणि शिव्या.

दुसरी, पिशव्या. चांगल्या पिशव्या तीन-चार वर्षं जातात. एका वर्षी परचेसवाल्यांनी स्वस्तातल्या आणल्या, कुठल्या ते विचारू नका, १४ महिन्यांत फाटायला लागल्या. हजारो पिशव्या आहेत आणि त्यातली फाटलेली एक शोधायची, कशी माहितीय का, डक्टमध्ये, म्हणजे धुराच्या मोठ्या पाइपात, फ्लोरोसंट पावडर सोडायची, मग फिल्टरचं झाकण उघडून अंधारात यूव्ही टॉर्च घेऊन रांगत फिरायचं, जिथं चमकेल ती फाटकी. एका रात्री मी आणि एक नेपाळी पोरगा, दोघांनी ११ शोधल्या, सकाळी कॅन्टीनला गेलो तर त्याच्या भुवया हिरव्या चमकत होत्या टॉर्चखाली. स्वस्त पिशवीतनं वाचलेले पैसे त्याच वर्षी वाया गेलेल्या अ‍ॅल्युमिनात गेले.

तिसरी तक्रार बाहेरच्यांना माहीत नसते. फ्लोराइड परत येतं तसं बाकीचं पण परत येतं. लोखंड, निकेल, व्हॅनेडियम, फॉस्फरस, जे धुराबरोबर निघून जायचं ते पावडरीला चिकटून पुन्हा पॉटमध्ये. फॉस्फरसनं करंट एफिशियन्सी खाली येते, म्हणजे तेवढ्याच करंटमध्ये धातू कमी. आणि तीच पावडर जास्त वेळा फिरवली की दाणे झिजून मैदा होतो, तो मैदा पॉटला पावडर घालणाऱ्या फीडरमध्ये नीट वाहत नाही आणि पॉटवर उडतो. घरात तेच तेल चार वेळा वापरल्यासारखं. त्यात डक्टच्या आत राखाडी कडक थर जमतो, तो काढायला ड्रिल लागतो.

चौथी, हे सगळं पकडत नाही. सल्फर डायऑक्साइड जवळजवळ सगळा तसाच निघून जातो, आणि अॅनोडच्या कोकमध्ये २ टक्के सल्फर धरला तरी धातूच्या टनामागं १६-१७ किलो होतो. त्यासाठी पुढं वेगळा वेट स्क्रबर लावावा लागतो, नॉर्वेत समुद्राच्या पाण्यानं धुतात. कार्बन डायऑक्साइड तर धुरात एक टक्काच्या आसपास, बाकी सगळी आपणच ओढलेली हवा, एवढ्या पातळ धुरातनं तो वेगळा काढणं भयंकर महाग. आणि अ‍ॅनोड इफेक्ट झाला, म्हणजे बाथमध्ये अ‍ॅल्युमिना कमी पडला आणि व्होल्टेज चारावरनं तीसच्या पुढं उडालं, की कार्बन टेट्राफ्लोराइड बनतो. तो कुणालाच चिकटत नाही, वातावरणात ५०,००० वर्षं राहतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट गरमी धरतो. त्याच्यावर आमची चिमणी हात टेकते. त्याचा इलाज पॉटवरच, पॉइंट फीडर थोडी थोडी पावडर वेळेवर टाकतो म्हणून आता अ‍ॅनोड इफेक्ट कमी झालेत. आधी ओलं लाकूड बाथमध्ये खुपसून तो मारायचे, आमच्या जुन्या लोकांना अजून त्याची सवय आहे. इनर्ट अ‍ॅनोड येतोय म्हणतात, कार्बनच नाही, ऑक्सिजन बाहेर पडेल. अल्कोआ आणि रिओ टिंटोची एलिसिस कंपनी २०१८ पासून कॅनडात त्याच्या मागं आहे. आला तर ठीक, तोपर्यंत आम्ही आहोत.

पण खरी गोष्ट ही की चांगल्या प्लांटमध्ये जे काही फ्लोराइड बाहेर जातं त्यातलं जास्त माझ्या स्टॅकमधनं जातच नाही, पॉटरूमच्या छपरातनं जातं. का? पॉटला बाजूनं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची झाकणं असतात, हुड कव्हर. ती बसलेली असली की ९८ टक्के धूर डक्टमध्ये ओढला जातो. पण अ‍ॅनोड २५-२८ दिवसांत संपतो, एका पॉटला ३०-४० अ‍ॅनोड, म्हणजे रोज कुठलं ना कुठलं झाकण उघडणारच. उघडणं चालतं, कामच आहे. पण दोन पत्रे वाकलेत, एक कडेला टेकवून ठेवलाय, एक उलटा बसवलाय, आणि क्रेनवाला म्हणतो पुढच्या पॉटवर जायचंय. आणि काढलेला जुना अ‍ॅनोड पॅलेटवर धूर सोडत उघडा पडलेला. १४ वर्षांत मी फिल्टरच्या टक्केवारीवर शंभर मीटिंगा बघितल्या, झाकणांवर चार. आमच्या जुन्या सुपरिटेंडंटनं एक वर्ष फक्त वाकलेली झाकणं बदलायला आणि सील लावायला बजेट दिलं, एवढंच, छपरातली रीडिंग अशी खाली आली की लॅबवाल्यांनी सॅम्पलर चेक केला.

तर रेटिंग. आयडियाला पाचपैकी पाच. उन्हाळ्यातल्या कामाला साडेतीन. मेंटेनन्सला तीन, पिशव्या चांगल्या घेतल्या तर चार. सल्फरला शून्य, पण ते त्याचं कामच नव्हतं म्हणून धरत नाही. नवीन पोरं जी या लाइनीत येतायत, नागपूरला वाडीजवळ जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, १९८९ पासूनचं, आपल्याच राज्यात, जमलं तर एकदा बघून या. आणि जॉइन झाल्यावर पहिल्या दिवशी कंट्रोल रूममध्ये एसीत बसू नका, पॉटरूममध्ये चक्कर मारून झाकणं मोजा.

वहिनींना मी शेवटी सांगितलं, कुठलीही घ्या, गॅसच्या नेमकी वर बसवा आणि फिल्टर महिन्याला धुवा. त्यांनी भिंत मोकळी होती म्हणून दोन फूट बाजूला बसवलीय.