रोजची अभ्यास-नोंदवही की पेपरनंतरचा आढावा?

मुलांनी स्वतःच्या अभ्यासाकडे स्वतः बघावं, यासाठी शिक्षक बहुधा या दोनपैकी एक मार्ग धरतात.

नोंदवहीत नियोजन चांगलं होतं: आज काय करणार, किती झालं, कुठे अडलं. पण आपल्याला खरंच किती समजलं यावर लक्ष ठेवण्यात ती कच्ची पडते. ‘धडा समजला’ हे मूल कशावरून लिहितं? बहुतेकदा पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटला म्हणून. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना आत्मविश्वास जास्त होता, आठवड्यानंतर मात्र जास्त आठवलं ते न बघता आठवून लिहिणाऱ्यांना. म्हणून नोंदवही ठेवायचीच तर पुस्तक मिटून चार ओळी लिहायला लावा, मग नोंद. नाहीतर दोन आठवड्यांत मुलं शिक्षकांना आवडेल तेच लिहू लागतात (आणि शिक्षकही न वाचता सही करतात).

आढाव्याचा कागद तपासलेल्या पेपरसोबत द्यायचा. तयारी कशी केली, गुण कुठे गेले, चूक संकल्पनेची की घाईची, पुढच्या वेळी काय बदलणार? इथे पुरावा समोर असतो, त्यामुळे थापा कमी. वेळही थोडाच लागतो. उणीव एवढीच की तो उशिरा येतो.

एकच निवडायचं असेल तर मी आढावा घेईन. फक्त तो भरलेला कागद पुढच्या परीक्षेच्या आठवडाभर आधी मुलांच्या हातात परत द्यायला हवा.