केए-22 ची सँट्रो की एमएच-09 ची वॅगन आर?

बाबांच्या गुडघ्यांनी स्कूटरला नकार दिला तेव्हा गाडी घ्यायचं ठरलं. बजेट दोन लाखांचं, त्यामुळे शोरूमची पायरी चढायचा प्रश्नच नव्हता. बघता बघता दोनच उरल्या: आमच्या बेळगावातल्याच टिळकवाडीतली 2011 ची सँट्रो झिंग, केए-22 म्हणजे बेळगाव पासिंग, मागणी 1 लाख 20 हजार, आणि मावसभावाच्या ओळखीतली कोल्हापूरची 2013 ची वॅगन आर, एमएच-09, 1 लाख 95 हजार.

सँट्रोचं इंजिन 1086 सीसी, चार सिलिंडर, ताकद 63 पीएस. वॅगन आरचं 998 सीसी, सिलिंडर तीनच, पण 68 पीएस. टाकी दोन्हींची 35 लिटरची. पण फाटकापाशी इंजिन चालू ठेवून उभं राहून बघा. सँट्रो चालू आहे की बंद ते कळत नाही. वॅगन आरमध्ये गिअरचा दांडा आपला एकटाच थरथरत असतो.

दोन्ही गाड्या जांबोटी-कणकुंबीवरून नेऊन चोर्ला घाट उतरले आणि परत चढले. चौघं बसून, एसी लावून. सँट्रोला चढावर दुसऱ्या गिअरमध्येच धाप लागते; एसी बंद केला की दावं सुटल्यासारखी पळते. वॅगन आर तिसऱ्यात ओढते, आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा. शिवाय ती उंच, म्हणून वळणावर झुकते. मागे बसलेली आई दोनदा "हळू गं" म्हणाली. सँट्रोत ती गप्प होती, कारण तिथे मागची सीट जरा रुंद आहे आणि तिला खिडकी मिळाली होती.

मला पटवलं ते गॅरेजवाल्या मामांनी. बॉनेटमध्ये बघायच्या आधीच विचारलं, "सँट्रोचा टायमिंग बेल्ट कधी बदललाय, विचारलीस काय?" टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा. मालकाला आठवत नव्हतं. वॅगन आरला बेल्ट नाही, चेन आहे. ऑइल वेळेवर बदललं की सहसा त्रास देत नाही. बेल्ट तुटला तर गाडी जिथे असेल तिथे थांबते. चोर्ल्यात थांबली तर काय, हे मी त्यांना विचारलं नाही.

कागद हा दुसरा घाट. सँट्रोच्या नोंदणीची 15 वर्षं 2026 मध्ये भरतात आणि रिन्यूअलची सरकारी फीच 5000 रुपये. वॅगन आरला 2028 पर्यंत वेळ, पण कोगनोळी नाका ओलांडला की तिचं राज्य बदलतं. कोल्हापूर आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला, त्यासाठी फॉर्म 28, मालकी बदलायला 29 आणि 30, आणि बारा महिन्यांवर गाडी इथे ठेवायची तर केए नंबर आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स, गाडीच्या वयाप्रमाणे. बेळगावात "एमएच गाडी स्वस्त पडते" म्हणणारे हा हिशेब कधी सांगत नाहीत. मी तो मालकापुढे मांडला आणि 18 हजार कमी करून घेतले.

तरीही निर्णय झाला तो बाबांच्या बसण्यावरून. सँट्रोत ते मान घालून, गुडघा धरून बसले. वॅगन आरमध्ये खुर्चीवर टेकावं तसे टेकले आणि सीटखालचा ट्रे ओढून त्यात तेलाची बाटली ठेवून मोकळे झाले.

नंबर बदलायचं काम अजून चालू आहे. शेजारच्या काकू रोज सकाळी विचारतात, "कोल्हापूरचे पाहुणे अजून गेले नाहीत काय?"