६५ इंची टच पॅनेल, दोन सत्रांच्या वापरानंतर: आधी खडूचं काय ते ठरवा

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेच्या वर्गातलं पॅनेल, म्हणजे फळ्यासारखा वापरायचा मोठा टच पडदा, सुरू केलं तर आवाज येत होता, पडदा मात्र काळाच. सर्व्हिसवाल्यांनी न बघता फोनवरच सांगून टाकलं की डिस्प्ले गेला, बदलावा लागेल, आणि व्होल्टेजमुळे गेल्याने वॉरंटीत बसणार नाही. खर्चाचा आकडा नव्या पॅनेलच्या निम्म्याहून जास्त. लोकसहभागातून पैसे जमवून घेतलेल्या वस्तूबद्दल असं ऐकलं की संताप होतो, पण लगेच होकार देऊ नका. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. प्रकाशात आयकॉन पुसटसे दिसले तर एलसीडी शाबूत आहे, पडद्याला मागून उजेड देणारा बॅकलाइट तेवढा बंद पडलाय. म्हणजे एलईडीच्या पट्ट्या तरी गेल्या किंवा त्यांना वीज देणारं बोर्ड. या दुरुस्तीचा खर्च डिस्प्लेच्या जवळपासही जात नाही. आमच्याकडे आयकॉन दिसले. त्याचा व्हिडिओ, मागच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा फोटो आणि बिलाची प्रत असं सगळं ईमेलने पाठवल्यावर ‘डिस्प्ले बदला’ हे बोलणं बंद झालं आणि बोर्ड बदलून काम भागलं. तक्रार लेखीच करा. फोनवरच्या बोलण्याला नंतर कोणी वाली नसतो.

बोर्ड मात्र कधी ना कधी सगळ्यांचीच जातात. या पॅनेलबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. ती टच फ्रेमबद्दल आहे, आणि विकत घेताना तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही.

शाळांकडे येणारी बहुतेक पॅनेल इन्फ्रारेड टचची असतात. काचेला स्पर्शाचं काही कळत नाही. चौकटीच्या दोन बाजूंना बारीक एलईडी असतात आणि समोरच्या दोन बाजूंना ते किरण टिपणारे सेन्सर. काचेच्या दोन-चार मिलिमीटर वर किरणांचं आडवं-उभं जाळं तयार होतं. बोटाने जिथे किरण अडतात तिथे स्पर्श झाला असं पॅनेल धरतं. म्हणजे बोटच हवं असं काही नाही. पदर अडवतो, बांगडी अडवते, काचेवर बसलेली पाल अडवते. आणि सगळ्यात जास्त अडवते ती खडूची भुकटी.

फळा आणि पॅनेल एकाच भिंतीवर शेजारी लावायची आपल्याकडे पद्धत आहे. डस्टर मारला की भुकटी खाली येते आणि पॅनेलच्या खालच्या कडेवर, काच आणि चौकट यांच्या खाचेत साठते. पंखा चालू असला तर आणखी लवकर. मग कर्सर आपोआप एका कोपऱ्यात टिचक्या मारत राहतो, लिहिलेली रेघ ठरावीक ठिकाणीच तुटते, किंवा मेनू स्वतःहून उघडतात. फोनवरून सल्ला मिळतो तो फॅक्टरी रिसेटचा. तो मुळीच करू नका. दोष सॉफ्टवेअरमध्ये नसतोच, त्यामुळे फरक काही पडत नाही. उलट पॅनेलमध्ये साठवलेल्या फळ्याच्या फायली आणि ॲप पुसली जातात. टच कॅलिब्रेशन, म्हणजे स्पर्शाची जागा नव्याने जुळवणं, त्यानेही धूळ हटत नाही.

त्याऐवजी व्हाइटबोर्ड ॲप उघडून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरक्या रेघा ओढा, दोन्ही दिशांनी, हातभर अंतराने. तिरकी रेघ आडवे आणि उभे दोन्ही किरण ओलांडते, त्यामुळे दोष कोणत्या बाजूचा ते समजतं. सगळ्या रेघा एकाच उंचीवर तुटल्या तर डावी-उजवी कड तपासा; एकाच उभ्या पट्टीत तुटल्या तर वरची-खालची. मग मेन स्विच बंद करून रंगकामाचा एक इंची मऊ, नवा, कोरडा ब्रश घ्या. वरच्या कडेपासून सुरुवात करून दोन्ही बाजू आणि शेवटी खालची कड झाडा. चारही कोपऱ्यांत ब्रशचं टोक घालून फिरवा, भुकटी तिथेच घट्ट बसते. चौकटीच्या आतल्या अंगाला जी काळपट लालसर प्लास्टिकची पट्टी दिसते, किरण तिच्यातूनच बाहेर येतात. ती मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा, कापड लागलंच तर जेमतेम दमट. स्प्रे थेट मारू नका, पाणी खाचेतून बोर्डापर्यंत उतरतं. थिनर किंवा रॉकेल लावलं तर पट्टी कायमची धुरकट होते. साफ केल्यावर पुन्हा तिरक्या रेघा ओढा. त्या अजूनही तिथेच तुटत असतील तर एलईडीची पट्टी गेली, आता सर्व्हिसवाल्यांना बोलवायला हरकत नाही.

हे काम आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांचं. याच कामाला दर भेटीमागे पैसे मागतात, आणि वार्षिक देखभाल कराराच्या भेटीतही मुख्यतः हेच होतं. त्यामुळे वॉरंटी संपल्यावर नुसत्या साफसफाईसाठी करार घेऊ नका, एवढं मी ठामपणे सांगेन. ब्रश हार्डवेअरच्या दुकानात चहा-भज्यांच्या पैशात मिळतो.

खरा उपाय म्हणजे खडू पॅनेलपासून लांब ठेवणं. जागा असेल तर पॅनेल बाजूच्या भिंतीवर घ्या. नसेल तर फळ्यापासून निदान दीड मीटर अंतर ठेवा आणि फळा ओल्या फडक्याने पुसा. ‘डस्टलेस’ खडूने फरक पडतो, पण भुकटी थांबत नाही. तिचे कण जड असल्याने ती सरळ खाली पडते एवढंच. खिडकी पॅनेलच्या समोर येऊ देऊ नका. पडद्यावर चमक तर येतेच, शिवाय थेट ऊन चौकटीवर पडलं की सेन्सर गोंधळतात आणि दुपारच्या तासाला टच वेडावाकडा चालतो. असा दोष सकाळी तपासायला आलेल्या माणसाला दिसत नाही.

याच फ्रेममुळे मराठी लिहितानाही त्रास होतो. स्पर्श काचेच्या वर नोंदला जात असल्याने पेन काचेवरून उचललं तरी ते जाळ्यातच राहतं. इंग्रजीची जोडलेली लिपी एका ओढीत जाते. देवनागरीत मात्र दंड, गाठ, मात्रा, शिरोरेघ यासाठी हात सारखा उचलावा लागतो, आणि जेमतेम उचलला तर ‘क’च्या दंडापासून गाठीपर्यंत नको असलेली शेपटी ओढली जाते. प्रत्येक ओढीनंतर पेन बोटभर मागे घ्यायची सवय लावावी लागते. अनुस्वाराचा ठिपका घाईने टेकवला तर उमटतच नाही. पेन टेकवून किंचित गोल फिरवा. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर एकदाच द्या. पेनचं बारीक टोकच वापरा, जाड टोकाने जोडाक्षरं भरून जातात. मुलं वहीत लिहिताना तळवा टेकवतात, तसा पॅनेलवरही टेकवतात, आणि कित्येक व्हाइटबोर्ड ॲपमध्ये तळवा म्हणजे डस्टर असतो. मूल लिहीत जातं आणि त्याचंच लिहिलेलं खालून पुसलं जातं. ते रडकुंडीला येतं आणि त्याला वाटतं आपलंच काही चुकलं. सेटिंगमध्ये तळव्याने पुसण्याची सोय बंद करा. पहिल्याच दिवशी करा.

बसवण्याची उंचीही पहिल्याच दिवशी ठरवायची गोष्ट. बसवायला येणारे फळ्याच्या वरच्या कडेशी पॅनेलची वरची कड जुळवतात, आणि मग सहावीच्या मुलांचा हात वरच्या तिसऱ्या भागापर्यंत पोहोचत नाही. ६५ इंची पडदा साधारण १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ सेंटिमीटर उंच असतो. खालची कड जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर घेतली की वरची १६० च्या आसपास येते, ती बहुतेकांना पुरते. मागच्या बाकावरून वाचता येण्याचं गणित वेगळं. सहा मीटरवरून आरामात वाचायला अक्षर किमान अडीच-तीन सेंटिमीटर हवं. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाचं अख्खं पान पडद्यावर दाखवलं तर अक्षर जेमतेम एक सेंटिमीटर होतं, ते पुढच्या दोन रांगांपुरतंच. पीडीएफ रुंदीला ताणून पानाचा तिसरा हिस्साच दाखवा.

आता ज्या बाबतीत मत बदललं ते. घेताना वाटत होतं की ओपीएस, म्हणजे मागच्या खाचेत बसणारा विंडोजचा संगणक, घेतल्याशिवाय पॅनेल अपुरं. दोन सत्रांनंतर माझं मत आहे की तो घेऊ नये. वर्गात जे खरोखर वापरलं जातं ते पॅनेलच्या अँड्रॉइडवर चालतं, आणि जे चालत नाही त्यासाठी शाळेतला जुना लॅपटॉप दोन केबलींनी जोडता येतो: चित्रासाठी एचडीएमआय आणि टचसाठी चौकोनी तोंडाची यूएसबी. दुसरी केबल बहुतेक जण विसरतात आणि ‘लॅपटॉपवर टच चालत नाही’ म्हणून तक्रार करतात.

सोबत मिळणाऱ्या तयार ‘ई-कंटेंट’च्या पेनड्राइव्हबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. धड्याचं वाचन आणि हलती चित्रं, मुलं तिसऱ्या मिनिटाला खिडकीबाहेर. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर नेतो, तिथलं साहित्य निवडून घेतलं तर उपयोगी आहे. पण आदल्या दिवशी उतरवून ठेवा, तासाला नेटवर्कची वाट बघू नका.

पॅनेलचे पैसे वसूल झाले ते जिओजेब्रा या भूमितीच्या ॲपवर. सातवीत त्रिकोणाच्या बाजूंचे लंबदुभाजक एका बिंदूत मिळतात हे आहे. वहीत प्रत्येक जण एकच त्रिकोण काढतो, बहुधा लघुकोनच, आणि तो बिंदू, म्हणजे परिकेंद्र, नेहमी आतच असतो असा समज घट्ट होतो. पॅनेलवर त्रिकोण, तिन्ही लंबदुभाजक आणि त्यांचा छेदनबिंदू काढून ठेवा. मग एका मुलीला शिरोबिंदू धरायला सांगा, पण ओढायच्या आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: कोन मोठा होत गेला तर बिंदू कुठे जाईल? मग ओढू द्या, अगदी सावकाश. कोन काटकोन झाला की बिंदू कर्णाच्या बरोबर मध्यावर येतो. विशालकोन झाला की कर्ण होता ती बाजू ओलांडून बाहेर पडतो. बाहेर पडताना वर्गातून जो आवाज येतो त्यासाठी हे यंत्र घ्यावं. आधी लिहून घेतलं नाही तर मात्र तेच दृश्य नुसतं बघितलं जातं आणि विसरलं जातं.

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळायचे प्रयोग, तशीच. पुष्कळशी मराठीत आहेत, आणि बहुतेक सिम्युलेशन्स प्रत्येकी एका एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतात. फाइल टिचकी मारून उघडली आणि पडदा कोरा दिसला तर फाइल खराब नाही. अँड्रॉइडचा साधा एचटीएमएल व्ह्यूअर जावास्क्रिप्ट चालवत नाही. ‘ओपन विथ’मधून क्रोम निवडा.

अनपेक्षित आनंद मात्र कागदाने दिला. प्लिकर्स या प्रश्नमंजुषेच्या ॲपची उत्तरकार्डं छापून घ्या. प्रत्येक मुलाला स्वतःच्या क्रमांकाचं कार्ड, चौकोनी नक्षीच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय, जी बाजू वर ते उत्तर. शिक्षकाने मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळी उत्तरं नोंदली जातात, आणि पॅनेलवर कोणत्या पर्यायाला किती ते दिसतं. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेरा चुकतो. जाड, मॅट कागद पुरे. बोटं काळ्या नक्षीवर आली तरी नोंद होत नाही, कार्ड कडेने धरायला शिकवा. प्रश्न नेमका हवा: ०.५, ०.४५, ०.३९९ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती? जे ०.३९९ म्हणतात ते दशांश चिन्हापुढचा आकडा पूर्ण संख्येसारखा वाचतायत, हे एका नजरेत कळतं. बरोबर उत्तर लगेच सांगू नका. साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तर शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन मिनिटं द्या आणि पुन्हा कार्डं वर. ही पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुजवली, आणि सातवीच्या वर्गातही ती तितकीच चालते. आलेख दाखवायला पॅनेलऐवजी साधा टीव्ही असता तरी चाललं असतं, हेही इथे सांगायला हवं. ज्या शाळेकडे पैसे कमी आहेत तिने कार्डांपासून सुरुवात करावी.

विजेबद्दल थोडक्यात. पॅनेलला कमी व्होल्टेज सोसतं, झटके सोसत नाहीत. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटवर मल्टिमीटर लावून घ्या: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ अर्धामुर्धा दिसला तर अर्थिंग नावालाच आहे. आधी ते करून घ्या, मग पॅनेल लावा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस पॅनेल रीतसर बंद करण्यापुरता वेळ देतो, तेवढाच हवा. ब्राइटनेस शंभरवर ठेवू नका, साठ पुरतो आणि बॅकलाइट जास्त टिकतो. वळवाच्या पावसात प्लगबरोबर लॅनची (इंटरनेटची) आणि एचडीएमआयची केबलही काढा, विजेचा झटका त्यांतूनही येतो.

मे महिन्याच्या सुट्टीत चादर टाकताना ती चौकटीला सगळीकडून लपेटा. जूनमध्ये ब्राउझर प्रत्येक पानावर सुरक्षेची सूचना देऊ लागला किंवा दीक्षात लॉगिन झालं नाही, तर आधी पॅनेलची तारीख बघा. बराच काळ वीज नसल्यावर ती कित्येक वर्षं मागे गेलेली असते. तारीख दुरुस्त केली की सगळं चालतं, आणि त्यासाठी कोणालाही बोलवावं लागत नाही.