बॉस्टनमध्ये मुलाला कुठे घालावं : चार्टर की नेहमीची सरकारी शाळा?

वहिनी, फी दोन्हीकडे शून्य. चार्टर म्हणजे सरकारी परवान्यावर स्वतंत्र मंडळाने चालवलेली शाळा; तीही सरकारी पैशावरच चालते, फक्त प्रवेश सोडतीने. नंबर लागला नाही तर प्रतीक्षा यादी.

अभ्यासात बॉस्टनच्या चार्टर उजव्या : शाळेचा दिवस मोठा, शिस्त कडक. सोडतीत नंबर लागलेली मुलं न लागलेल्यांपेक्षा गणितात बरीच पुढे गेली.

टिकाव? चार्टरचा परवाना पाच वर्षांचा. कामगिरी घसरली तर शाळा बंदही होते. मूल चार्टरला गेलं की त्याच्यामागे सरकारी पैसाही तिकडे जातो, म्हणून नेहमीच्या सरकारी शाळांची ओरड असतेच. 2016 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या (बॉस्टन याच राज्यात) मतदारांनी चार्टर शाळांची संख्या वाढवायला नकार दिला.

अभ्यासात मागे पडलेल्या, शिस्त सोसणाऱ्या मुलाला चार्टर; हळव्या, खेळ-संगीतात रमणाऱ्याला जवळची सरकारी. सोडतीचा अर्ज तेवढा भरून ठेवा.